तारेचे ऋण

घरात येणारी वीज कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न आमच्या पिढीच्या मनात कधी उद्भवलाच नाही. दूध कोणाचे घ्यावे, वाणी कोणता बरा, शिंपी कोणता, वैद्य कोणता, याविषयी ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून पुष्कळ चर्चा होत असे, आणि एखाद्या घराने वाणी बदलला तर ती वार्ता चार घरी पोहोचत असे. वीज मात्र पावसासारखी होती. ती येई किंवा जाई. कोणाकडून येते हे विचारण्याचे प्रयोजन नव्हते. संस्थानी काळात ती दरबारच्या आश्रयाने आली, पुढे मध्य प्रदेश विद्युत मंडळाकडे गेली, आणि जून २००५ पासून भोपाळच्या मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. दर वेळी पुरवठादार बदलला, पण तो आपण बदलला नाही. बिलावरचे नाव तेवढे पालटले.

आता मात्र हा प्रश्न दाराशी येऊन उभा आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र शासनाने ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना आरंभिली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट असून, तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत आहे. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते; आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या आपल्या शहरात उन्हाची वाण नाही. म्हणजे ग्वाल्हेरच्या गृहस्थापुढे आज जी निवड आहे ती ‘ही कंपनी की ती कंपनी’ अशी नसून ‘कंपनी की स्वतःचे छप्पर’ अशी आहे.

पहिल्या प्रकारची निवडही फार दूर नसावी. २००३ च्या विद्युत अधिनियमाने एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरकांना परवाने देण्याची वाट मोकळी केली. परंतु प्रत्येकाने स्वतःचे जाळे उभारावे अशी अट असल्याने ती वाट बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात, एकाच तारांवरून अनेक वितरकांनी वीज द्यावी अशी योजना होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने त्याच दिशेचा नवा मसुदा प्रसिद्ध केला. आज ना उद्या आपल्या नातवंडांना विजेचा पुरवठादार निवडावा लागेल, असे मानण्यास जागा आहे.

ही निवड केवळ रुपया-आण्याची आहे काय? स्वस्त असेल ते घ्यावे, महाग असेल ते सोडावे, एवढेच तिचे तत्त्व असेल तर तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण नाही. एक वही आणि पेन्सिल पुरे. परंतु वाणी बदलणे आणि विजेचा पुरवठादार बदलणे या दोन गोष्टी वाटतात तितक्या सारख्या नाहीत, असे आम्हांस वाटते.

वाणी बदलला की दुकान बदलते, पोते बदलते, तांदूळही बदलतो. विजेचे तसे नाही. तिघऱ्याच्या धरणातून शहराला येणाऱ्या पाण्यात अमुक थेंब अमुक ओढ्याचा आहे, असे जसे सांगता येत नाही, तसेच खांबावरच्या तारेतून आलेली वीज कोणत्या केंद्रातली आहे हे सांगता येत नाही. औष्णिक, जलविद्युत, पवन, सौर, सारी एका जाळ्यात मिसळते. ग्राहकाने पुरवठादार बदलला तरी रोहित्र तेच, खांब तोच, दिव्याचा उजेड तोच. बदलते ते एवढेच की त्या उजेडाचा हिशेब कोण ठेवणार, आणि त्या हिशेबात आपल्या सोबत कोण कोण असणार. विजेच्या पुरवठादाराची निवड ही वस्तूची निवड नव्हे; ती खर्चातल्या भागीदारांची निवड आहे. म्हणून तिला नीतीची बाजू आहे.

याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. शहराच्या दक्षिण भागात ‘बेस्ट’ घरोघर वीज देई आणि उपनगरांत ‘बीएसईएस’, जी पुढे रिलायन्सकडे गेली. टाटांनी उपनगरातल्या सामान्य ग्राहकाला थेट वीज द्यावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जुलै २००८ मध्ये न्यायालयाने टाटांना तो अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या विद्युत नियामक आयोगाने मार्ग आखून दिला: तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची, आणि तारांच्या वापराबद्दल ठरावीक आकार. भारतातल्या सामान्य गृहस्थाला घरबसल्या वीजपुरवठादार बदलता येण्याचा हा बहुधा पहिलाच मोठा प्रसंग.

लोकांनी तो अधिकार वापरला. लाखो ग्राहक नव्या पुरवठादाराकडे गेले. कोणी कोणास दोष द्यावा असे त्यात काही नव्हते. दर कमी होता, कायद्याची परवानगी होती. तथापि थोड्याच काळात एक अडचण दिसू लागली. आपल्या देशात विजेचे दर टप्प्यांनी वाढत जातात. जास्त वापरणारा जास्त दराने पैसे देतो आणि त्यातून कमी वापरणाऱ्याचा दर काहीसा सावरला जातो. मोठे ग्राहक निघून जाऊ लागले म्हणजे हा सावरणारा हात निघून जातो. मागे राहिलेल्या पुरवठादाराकडे खांब, रोहित्रे, कामगार, जुने वीजखरेदीचे करार हे सारे तसेच राहते. वाटेकरी मात्र कमी होतात, आणि उरतात त्यांत लहान ग्राहकांचे प्रमाण वाढते. नवा पुरवठादार मोठे ग्राहक वेचून घेतो, असा आक्षेप आयोगापुढे आला. २०११ मध्ये आयोगाने बदलून गेलेल्या ग्राहकांवर अधिभार बसवला, आणि २०१२ मध्ये ही बदली काही काळ ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती ठेवण्याचे निर्देश दिले. प्रकरण पुढे अपिलातही गेले. या कथेला आणखी एक शेपूट आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये रिलायन्सचा मुंबईतील वीजव्यवसाय अदानी समूहाकडे गेला. ज्यांनी कधी पुरवठादार बदलला नाही त्यांचाही पुरवठादार अशा रीतीने बदलला.

विलायतेतही निराळे घडले नाही. तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक घराला वीज आणि गॅसचा पुरवठादार निवडता येतो, आणि तेथे स्थायिक झालेली आपली मुले दर वर्षी दर पाहून कंपनी बदलतात. २०२१ च्या उत्तरार्धात गॅसचे घाऊक भाव भडकले, तेव्हा स्वस्त दर देऊन ग्राहक मिळवणाऱ्या पंचवीसहून अधिक लहान-मोठ्या कंपन्या काही महिन्यांत बंद पडल्या. ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला नाही; त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्यात आले. परंतु त्याचा खर्च देशातल्या सर्वांच्या बिलांवर पडला, ज्या वृद्धांनी वर्षानुवर्षे कंपनी बदललीच नव्हती त्यांच्याही. निवड करणाऱ्याचा लाभ त्याच्या एकट्याचा होता, हानी मात्र साऱ्या गावाची झाली.

या उदाहरणांवरून कोणी म्हणेल की, मग बदलूच नये. आहे त्याच्याशी इमान राखावे. आपल्या समाजाला ही भाषा जवळची वाटते. महादजींच्या आणि दौलतरावांच्या काळी आपले पूर्वज दख्खन सोडून येथे आले ते शिंद्यांच्या मीठ-भाकरीवर. १८१० मध्ये ‘लष्कर’ वसले ते छावणीचे गाव म्हणून, आणि ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागावे हा त्या छावणीचा पहिला धर्म होता. तथापि वीज कंपनीला हे तत्त्व लागू होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिने आपल्याला मीठ घातलेले नाही. आपण पैसे मोजून वीज घेतली आहे. तिची सेवा वाईट असेल तर तिला सोडण्यात निमकहरामी नाही. जो पुरवठादार सोडताच येत नाही तो सुधारण्याचे कारणही त्याला उरत नाही. तेव्हा इमान असेल तर ते कंपनीशी नव्हे. ते असलेच तर त्या एकाच तारेवर आपल्यासोबत असलेल्या माणसांशी आहे. त्यांच्याशी आपले नाते काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

या नात्याचे एक रूप आपण याच शहरात पाहिलेले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीज केंद्रे तिकडे गेली. पुढची काही वर्षे मध्य प्रदेशात तासन्‌तास कटौती चाले. २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन शब्दांवर लढली गेली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. कटौतीच्या आरंभीच्या दिवसांत गल्लीतली सारी माणसे, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार, एकत्र जाऊन विभागीय कार्यालयात गाऱ्हाणे घालीत. मग एकेका घरी इन्व्हर्टर आला. ज्या घरी तो आला त्या घरचा माणूस पुढच्या वेळी आला नाही. त्याला वेळ नव्हता असे नाही. त्याला अंधार नव्हता. हळूहळू गाऱ्हाणे घालणाऱ्यांत इंग्रजीत अर्ज लिहिणारे, अधिकाऱ्याला नावाने ओळखणारे कोणी राहिले नाही. शिवाय वीज परत येताच साऱ्या बॅटऱ्या भरण्यासाठी एकदम जी ओढ लागे तिचा भारही त्याच रोहित्रावर पडे. पाण्याच्या बाबतीतही हेच झाले. ज्याने अंगणात बोअरिंग केले त्याला नळाला पाणी किती वेळ येते याची चौकशी करण्याचे कारण राहिले नाही. आणि भूजल मात्र सर्वांचेच खाली गेले.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात याच गोष्टीची मीमांसा केली आहे. नायजेरियातील रेल्वेची दुरवस्था पाहून त्याला प्रश्न पडला की, मोटारवाहतुकीची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत का नाही? त्याचे उत्तर असे: जे ग्राहक सर्वांत जागरूक, ज्यांचे बोलणे ऐकले गेले असते, तेच सर्वांत आधी सोडून गेले. उरले ते मुके ग्राहक. सोडून जाण्याची मुभा काही वेळा संस्थेला सुधारते. पण ती मुभा ठरावीक लोकांनाच असेल, तर संस्थेचा आवाजच नाहीसा होतो. शासकीय शाळा आणि शासकीय रुग्णालये यांचे काय झाले हे पाहिले म्हणजे या विवेचनाला निराळा दाखला नको.

आता छपरावरच्या सौर विजेकडे वळू. तीन किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिटांपर्यंत वीज देतो. एका मध्यम घराला ती पुरून उरते. दिवसा घरात वापर कमी असतो तेव्हा जादा वीज जाळ्यात जाते, रात्री तेच घर जाळ्यातून वीज घेते, आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. महिनाअखेर बिल अगदी थोडे येते. मग घरधनी म्हणतो, ‘मी कंपनीकडून काही घेतच नाही, मग हा स्थिर आकार कशासाठी?’ हा प्रश्न आम्ही अलीकडे इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे की त्याचे उत्तर शांतपणे देणे आवश्यक वाटते.

घरधनी काही घेत नाही, हे खरे नाही. तो रोज सायंकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जाळ्यावर असतो. पावसाळ्यात आभाळ भरून आले की दिवसाही असतो. आपली दुपारची वीज तो ज्या ठिकाणी ठेवतो आणि रात्री जेथून परत घेतो, ती जागा म्हणजेच जाळे. तेवढी वीज साठवणारी बॅटरी घरी ठेवायची म्हटली तर तिची किंमत पडेल आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागेल. त्याच्यासाठी खांब उभे आहेत, तारा ओढलेल्या आहेत, आंधी-वादळात तार तुटली तर शिडी घेऊन येणारा माणूस नेमलेला आहे. वीजकेंद्रांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांत तर वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार द्यावाच लागतो. हा खर्च घरधन्याने पॅनेल बसवले म्हणून कमी होत नाही. तो त्याने दिला नाही तर कोणीतरी दुसरा देतो.

तो दुसरा कोण, हे शहरातून चालत गेले तरी दिसते. लष्करातल्या एखाद्या गल्लीत तीन मजली घराच्या गच्चीवर पॅनेल आहे. त्याच्या मागच्या बोळात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे कुटुंब आहे. त्याला गच्ची नाही, घर स्वतःचे नाही, हाती ठेवायला लाख रुपये नाहीत. अनुदानाची योजना कितीही उदार असली तरी ती छप्पर असणाऱ्यासाठी आहे. २०१९ पासून महिना १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत देण्याची योजना राज्यात चालत आली आहे. पण त्या कुटुंबाचा वापर जेठ महिन्यात कूलर लावल्यावर दीडशेच्या पलीकडे गेला की ते या आधारातूनही निसटते. निवडीचे स्वातंत्र्य वाढत जाते तसतसा न निवडू शकणाऱ्याचा भार वाढत जातो, तो असा.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि ते आम्हांस विलायती अर्थशास्त्राइतकेच मोलाचे वाटते. दख्खनच्या गावगाड्यात शेतकऱ्यांचे दोन प्रकार असत: मिरासदार आणि उपरी. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. उपरी ठरावीक मुदतीने जमीन करी. दर परवडला नाही तर उठून दुसऱ्या गावी जाई. त्याचा गावावर हक्क नव्हता, आणि भारही कमी होता. मिरासदाराचे तसे नव्हते. जमीन त्याच्या वंशाची. तो परागंदा झाला तरी परत येऊन आपली मिरास मागण्याचा त्याचा हक्क दीर्घकाळ मानला जाई. परंतु या हक्काबरोबर गावाच्या पट्ट्यांचा आणि तुटीचा भारही त्याच्या माथी असे. परतीचा हक्क हवा असेल तर गावखर्चाचा वाटा उचलावा लागे; वाटा नको असेल तर परतीचा हक्क सोडावा लागे. दोन्हींतले गोड तेवढे घेण्याची सोय नव्हती.

छपरावर पॅनेल बसवून जाळ्याशी जोडलेला गृहस्थ हा मिरासदार आहे. तो रोज सकाळी गाव सोडतो आणि रोज सायंकाळी परततो. त्याचा परतीचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. मग त्याने उपऱ्यासारखे बोलणे शोभत नाही. त्याला उपरीच व्हायचे असेल तर मार्ग मोकळा आहे: तार तोडावी, बॅटऱ्या घ्याव्या, आणि श्रावणातले आठ दिवसांचे ढग स्वतःच्या जोरावर काढावे. त्यात अनीती काहीच नाही. अनीती आहे ती तार ठेवून तिचे ऋण नाकारण्यात.

येथे ‘ऋण’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांना चौथ्या मनुष्यऋणाची जोड दिली आहे. ज्या माणसांमध्ये आपण राहतो त्यांचे देणे. हे दान नव्हे, हेही लक्षात ठेवावे. मार्च २०१५ मध्ये सधन कुटुंबांनी गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडावे असे आवाहन झाले, आणि साधारण वर्षभरात एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ते सोडले. तो गौरवाचाच प्रसंग होता. परंतु तो त्याग होता. जो करी त्याची स्तुती होई, जो न करी त्याला कोणी अपराधी म्हणत नसे. तारेचा आकार हा त्या वर्गातला नाही. ते देणे आहे. देणे देणाऱ्याची स्तुती करण्याचे कारण नाही आणि ते नाकारणाऱ्याची गय करण्याचेही नाही.

याविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. ‘आम्ही देऊ, पण कशाचे देऊ? आकडे टाकून चोरलेल्या विजेचे? थकबाकी माफ केलेल्यांचे? कामचुकार व्यवस्थेचे?’ आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात हा प्रश्न अधिकच टोचतो. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या माणसाला आपण मूर्ख ठरत आहोत असे वाटणे, ही कोणत्याही सार्वजनिक व्यवस्थेची सर्वांत मोठी हानी आहे. शासनसेवेत आयुष्य घालवलेल्या आम्हांस ती कमी लेखता येत नाही. तरीही उत्तर असे आहे की, प्रामाणिक माणूस निघून गेल्याने चोर सापडत नाही. चोरीचा भार मग उरलेल्या प्रामाणिकांवर पडतो, आणि त्यांत बोळातले ते कुटुंबही असते. चोरीवर उपाय हिशेब मागणे हा आहे. राज्याचा विद्युत नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी कंपन्यांच्या याचिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तेथे व्यापारी आणि उद्योजकांच्या संघटना अभ्यास करून जातात. घरगुती ग्राहकांच्या बाजूने बोलणारी माणसे फार थोडी असतात. आपल्यातले निवृत्त अभियंते, लेखापाल, प्राध्यापक यांच्यापाशी वेळ आहे, अक्षर आहे, आकडेमोड आहे. ज्याच्या छपरावर पॅनेल आहे त्याने तर अवश्य जावे. कारण त्याचा आवाज बिलाच्या रागातून आलेला नाही हे उघड असल्याने तो अधिक ऐकला जाईल.

आणखी एक गोष्ट विशेषतः आपल्या जुन्या घरांविषयी. लष्करातल्या कित्येक वाड्यांची गच्ची एक आणि वारस सहा अशी स्थिती आहे. खाली दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत. एक भाऊ नोकरीनिमित्त बंगळुरूला, एक अमेरिकेत, एक वाड्यात. वाड्यात राहणारा भाऊ पॅनेल बसवू म्हणतो तेव्हा गच्ची कोणाची हा प्रश्न निघतो, आणि वर्षानुवर्षे झाकून ठेवलेला वाटणीचा वाद सूर्यप्रकाशात येतो. अशा वेळी कागद करून घ्यावा हे तर खरेच. पण त्या कागदात गच्चीखाली राहणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते. एका छपरावरची वीज अनेक मीटरांच्या हिशेबात वाटून देण्याची पद्धत दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्ये आखली. अशी सोय आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या वस्तीत सहज मिळावी, ही मागणी करण्यासारखी आहे. ती होईपर्यंत निदान जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप, हे सामाईक खर्च छपराच्या विजेवर चालवणे कोणाच्याही हाती आहे. सूर्य कोणाच्या वाटणीत आलेला नाही.

सारांश, पुरवठादार बदलावा की नाही याचे एकच एक उत्तर आम्ही देत नाही. दर पाहावा, सेवा पाहावी, छपराची मजबुती पाहावी, आणि लाभाचे असेल तर अवश्य बदलावे. काटकसर हा आपल्या घराण्यांचा जुना गुण आहे आणि त्याची लाज धरण्याचे कारण नाही. शिवाय उन्हातून घेतलेल्या प्रत्येक युनिटाबरोबर थोडा कोळसा वाचतो, हेही पुण्य लहान नाही. फक्त निर्णय करताना वहीच्या पानावर एक रकाना अधिक आखावा. पहिल्या रकान्यात आपण काय वाचवणार ते लिहावे. दुसऱ्यात, आपण जे भरणे थांबवणार आहोत त्यातले काय खरोखर कमी होणार आहे आणि काय नुसतेच दुसऱ्याच्या बिलात जाणार आहे, ते लिहावे. जे खरोखर कमी होते ते आपले आहे. ते निःशंक घ्यावे. जे दुसऱ्याच्या बिलात जाते ते आपले नाही. ते दर महिन्याला, कुरकुर न करता, मागच्या बोळातल्या शेजाऱ्याइतक्याच नियमितपणे भरत राहावे.